फोंड्याच्या डोंगरवाटांवर सायकल

बेळगाव-खानापूर भागातल्या आपल्यासारख्यांचा गोवा दोन वाटांनी सुरू होतो. एक चोर्ला घाटाची, साखळी-डिचोलीकडे उतरणारी. दुसरी अनमोड घाटाची, मोले-फोंडा करत पणजीला जाणारी. दुसऱ्या वाटेने गेले की फोंडा तालुक्यात थांबणे ठरलेलेच. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी. कुणाचे कुलदैवत, तर कुणाचा नवस. अभिषेक झाला, ओटी भरली, प्रसादाचे जेवण झाले की मुले "समुद्र, समुद्र" करू लागतात आणि गाडी पश्चिमेकडे वळते. देवळांच्या मागचे डोंगर मागेच राहतात.

खरे तर इथल्या अनेक देवांना आसरा मिळाला तो याच भूमीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी-साष्टीतली देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी मूर्ती नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आणल्या. हा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. १५६० च्या सुमारास मंगेश कुठ्ठाळीहून इकडे आला, आणि फोंड्याची साफा मशीदही १५६० सालचीच मानतात. नदी, दाट झाडी आणि चढउतारांच्या आडोशाला देव सुखरूप राहिले. पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी, १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला. त्यानंतर डिचोली आणि शेवटी १७८८ मध्ये पेडणे. 'नव्या काबिजादी' म्हणतात तो हाच टापू.

या टापूकडे नव्याने बघायला मला लावले ते आमच्या महाविद्यालयातल्या एका सायकलपटूने. वडील खानापूर तालुक्यातले मराठी, आई धारवाडकडची कन्नड, आणि मामा नोकरीनिमित्त फोंड्यात स्थायिक. सुट्टी लागली की हा सायकल घेऊन मामाकडे. "सर, एकदा फोंड्याला या. तुम्ही वर्गात जांभा खडक शिकवता, मी तुम्हाला तो चाकाखाली दाखवतो," असे तो म्हणाला. भूगोलाच्या मास्तराला हे आमंत्रण नाकारणे कठीण होते.

तो भाग घेतो ती स्पर्धा 'क्रॉस कंट्री' माउंटन बाईकची. या खेळाचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. १९७६ मध्ये तिथल्या काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यत लावली. त्या उताराचे नाव पडले 'रीपॅक', कारण एकदा खाली आले की ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरांगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आपल्याकडेही तो आता नवा राहिलेला नाही. २०२१ मध्ये गदगला राष्ट्रीय माउंटन बाईक स्पर्धा भरली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदके मिळवून महाराष्ट्राचे नाव या खेळात नेले आहे. आणि विजापूर-बागलकोट भागाने देशाला सायकलपटू दिले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

रस्त्यावरच्या शर्यतीत सगळे घोळक्याने जातात, एकमेकांच्या आड वारा चुकवतात. इथे तसे काही चालत नाही. चार ते सहा किलोमीटरची डोंगरातली वाट, तिच्या ठरावीक फेऱ्या. मोठ्या गटाची शर्यत साधारण दीड तास चालते. आधीच्या कामगिरीनुसार रांगा लावतात. नवखा सर्वांत मागे. सुरुवातीला रुंद रस्ता असतो, पण लगेच वाट एका सायकलीपुरती अरुंद होते. तिथे जो मागे अडकला तो अडकलाच. अवघड उतारावर दोन वाटा ठेवतात, एक जवळची पण धोक्याची, दुसरी सोपी पण लांबची. कोणती घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. आणि एक कडक नियम आहे. पुढच्या स्पर्धकाला पहिल्या फेरीला पंधरा मिनिटे लागली असतील, तर त्याच्यामागे बारा मिनिटे पडलेल्याला पंच थांबवतात. शर्यत त्याच्यापुरती संपते.

आमच्या मुलाची पहिली शर्यत अशीच संपली. राज्य पातळीवरची स्पर्धा, तो शेवटच्या रांगेत. "शिट्टी झाली आणि सर, मला नुसती धूळ दिसली," तो सांगत होता. अरुंद वाटेच्या तोंडाशी वीस-पंचवीस जण खोळंबले. तो सायकल खांद्यावर घेऊन पळाला, तिसऱ्या फेरीत पाय गळाले आणि पंचांनी त्याला बाजूला घेतले. दुसऱ्या शर्यतीत टायर फुटला. मदत फक्त ठरवून दिलेल्या जागीच घेता येते, मधे कुणी हात लावला तर स्पर्धक बाद. जवळजवळ दीड किलोमीटर तो सायकल ढकलत गेला. तिसऱ्या शर्यतीत मात्र सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या, नंबर मधला कुठलासा. तो नंबर त्याने अजून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

तेव्हापासून त्याचा सराव फोंड्याला. याचे कारण त्याने मला फर्मागुडीच्या पठाराच्या एका कडेला नेऊन दाखवले. जांभा हा मोठा लहरी खडक आहे. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्वेक्षकाने केरळात तो पाहिला आणि विटेसारखा कापता येतो म्हणून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून १८०७ मध्ये त्याला 'लॅटराइट' नाव दिले. आपण चिरा म्हणतो, कारवार-कुमठ्याकडे चिरेकल्लू. वर सड्यावर तो लोखंडासारखा कडक आणि भोकाभोकांचा, सायकल दातखिळी बसवते. उतारावर त्याचे गोल खडे सुटे होतात आणि चाकाखाली गोट्यांसारखे पळतात. खाली कुळागराच्या सावलीत त्याच दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि पोफळीच्या गळलेल्या झावळ्या. "दोन किलोमीटरांत तीन तऱ्हेची जमीन. तीन वेळा हात बदलायचा," तो म्हणाला. टायरमध्ये हवा किती ठेवायची याचे त्याचे मोठे शास्त्र आहे. हवा जास्त भरली तर चाक दगडावरून उडते, कमी भरली तर कडेचा दगड टायर कापतो. रोज सकाळी अंगठ्याने दाबून, मग पंपाच्या काट्यावर बघून तो ठरवतो.

उतरताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. विचारले तर लाजला. घरातून निघताना त्याची आई रोज म्हणते, "निधान होगप्पा." सावकाश जा रे बाबा. तेच 'निधान' तो वळणाआधी म्हणतो, कारण ब्रेक वळणाच्या आधी लावायचा असतो आणि वळणात सोडायचा असतो. जो वळणात ब्रेक दाबतो तो घसरतो. मराठीत निधान म्हणजे ठेवा, कन्नडमध्ये सावकाशपणा. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलाला हा शब्द दोन्ही बाजूंनी उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खांडेपारवरून उसगावमार्गे डिचोलीकडे निघालो. तो सायकलवर, मी मामांच्या स्कूटरवर. खांडेपारला झाडीत जांभ्यात कोरलेल्या जुन्या गुंफा आहेत. तिथे पाणी प्यायला थांबलो. पुढे वाटेचा रंग बदलत गेला. झाडांची पाने, घरांची कौले, मैलाचे दगड, सगळ्यांवर लाल थर. हा खाणींचा पट्टा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. अलीकडे लिलावानंतर डिचोलीत काम परत सुरू झाले आहे. खाणीने इथल्या माणसांना पोटापाण्याला दिले आणि विहिरी आटवल्या, भातशेतीत गाळ आणला. दोन्ही गोष्टी इथल्या एकाच घरात ऐकायला मिळतात.

मातीचे कृत्रिम डोंगर, त्यावर उगवलेली झुडपे, मधे हिरव्या-निळ्या पाण्याने भरलेले खोल खड्डे. बघताना मला पॅरिसची आठवण झाली. २०२४ च्या ऑलिम्पिकची माउंटन बाईक शर्यत पॅरिसजवळच्या एलांकूरच्या टेकडीवर झाली. ती टेकडी म्हणजे एके काळच्या दगडखाणी. नंतर तिथे नव्या शहराच्या बांधकामाचा राडारोडा टाकत गेले. उंची २३१ मीटर, आणि त्या भागातली तीच सर्वांत उंच जागा. तिथेच इंग्लंडच्या टॉम पिडकॉकचे चाक पंक्चर झाले, सुमारे चाळीस सेकंद गेले, तरी एकेकाला गाठत शेवटच्या फेरीत त्याने फ्रान्सच्या कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्ण जिंकले. आमच्या मुलाला ही शर्यत तोंडपाठ आहे. पण त्याला पंक्चरपेक्षा ती टेकडी जास्त आवडते. "राडारोड्यावर ऑलिम्पिक होते सर, तर इथे शाळेच्या मुलांची शर्यत का होऊ नये?" त्याचा प्रश्न रास्त आहे. संपलेल्या खाणींची जागा सुरक्षित करून, खड्ड्यांना कुंपण घालून, झाडे लावून तिथे मुलांना खेळायला देणे अशक्य नाही. आज मात्र तिथे जाऊ नये. पट्ट्यांत प्रवेशाला बंदी असते, आणि सैल मातीचा कडा कधी सुटेल सांगता येत नाही. तोही सार्वजनिक रस्ता सोडून आत गेला नाही.

डिचोलीहून दोडामार्गच्या बाजूने आम्ही पेडणे तालुक्यात शिरलो. मोपाचा सडा त्याला बघायचा होता. या विस्तीर्ण सड्यावर आता मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानतळाने पेडण्यात रोजगार आणला, आपल्यालाही त्याचा उपयोग होतो. पण सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे. पावसाळ्यात त्यावर फुले येतात, गुरे चरतात, आणि तिथे मुरलेले पाणी खाली झऱ्यांना आणि कुळागरांना मिळते. कुंपणाशेजारच्या एका वाटेवर तो बराच वेळ उभा होता. फोंड्याजवळ त्याची एक सरावाची वाटही यंदा बांधकामात गेली. ज्या वाटेने तो दोन वर्षे रोज उतरला, तिथे आता भिंत आहे. पदक हुकले तर पुढच्या वर्षी मिळवता येते. वाट गेली तर सगळ्यांचीच जाते.

आता घरच्या गोष्टीबद्दल. वडिलांचा या खेळाला विरोध होता, आणि तो समजण्यासारखा आहे. शर्यतीची बरी सायकल लाखाच्या घरात जाते. टायर, साखळी, ब्रेकचे पॅड सतत बदलावे लागतात. पदवीचे शेवटचे वर्ष तोंडावर, आणि खेळाडूच्या कोट्यातल्या नोकऱ्या मोजक्या. अनेक शनिवार-रविवार यावर घरात दोन्ही भाषांत वाद झाले. शेवटी ठरले ते असे: आणखी एक हंगाम, तोवर एकही विषय मागे ठेवायचा नाही, आणि नव्या सायकलीचे निम्मे पैसे त्याने शिकवण्या घेऊन जमवायचे. आठवीच्या पाच मुलांना तो गणित शिकवतो. मागच्या शर्यतीला वडील रजा काढून गेले होते. पाणी देण्याच्या जागेवर दर फेरीला बाटली पुढे करून उभे राहायचे काम त्यांच्याकडे. चालत्या सायकलवरच्या मुलाच्या हातात बाटली नेमकी देणे सोपे नसते. पहिल्या फेरीला ती पडली. दुसऱ्या फेरीला ते चार पावले त्याच्याबरोबर धावले.

आपल्यापैकी कुणाला मुलांसह या वाटा बघायच्या असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात जांभ्याची माती चाकाला चिकटून सायकल हलेनाशी होते. सकाळी साडेसहाला निघून दहाच्या आत परतावे. हेल्मेट आणि हातमोजे हवेतच, आणि दोन बाटल्या पाणी. कुळागर खाजगी असते, मालकाला विचारून जावे. बहुतेक जण हो म्हणतात आणि वर कोकमाचे सरबतही देतात. बोंडला अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळावेत. गाडीच्या टपावर एखादी साधी गिअरची सायकल बांधून नेली तरी पुरे. मंगेशीचे दर्शन झाल्यावर समुद्राकडे वळण्याआधी दोन तास देवळामागच्या डोंगराला द्या. आमचा सायकलपटू तिथेच कुठेतरी भेटेल, वळणाआधी आईचा शब्द पुटपुटत.