नाव आणि फळ

समानार्थी शब्दांचा पाठ लिहिताना मला एक सुरेख उदाहरण गवसले होते. रशिया व बाल्टिक प्रदेशाच्या कडाक्याच्या थंडीत तग धरणारे, सफरचंदाचे एक जुने वाण. रशियन भाषेत ते 'बेली नालिव': 'बेली' म्हणजे पांढरा आणि 'नालिव' म्हणजे रसाने भरून येणे. रशियनमध्येच त्याला 'पापिरोव्हका', म्हणजे कागदी, असेही म्हणतात. जर्मन भाषेत ते 'पांढरे नितळ सफरचंद' होते. अमेरिकी कृषी विभागाने १८७० मध्ये ते रशियातून आणले आणि तिथे ते 'यलो ट्रान्सपेरंट', पिवळे पारदर्शक, झाले. एक वस्तू, अनेक नावे, असे मी लिहून टाकले.

पुढे वाचताना कळले की 'बेली नालिव' आणि 'पापिरोव्हका' हे एकच वाण की दोन, याविषयी फलशास्त्रज्ञांतच मतभेद आहेत. फळावरची उभी शिवण हे पापिरोव्हकाचे लक्षण सांगितले जाते. सफरचंदाचे वाण बीपासून जसेच्या तसे उतरत नाही. ते कलमानेच टिकते. कलमासोबत नावाची चिठ्ठी जाते आणि भाषा बदलली की चिठ्ठीही बदलते. कधी त्याच चिठ्ठीखाली दुसरेच झाड वाढते.

मी ते वाक्य खोडले. भाषाविज्ञानाची पदवी पाठीशी असताना ते सोपे गेले नाही. विद्यार्थी मित्रहो, कोशात दोन शब्द शेजारी दिसले, तरी त्यांमागची वस्तू एकच आहे, असे गृहीत धरू नका. आधी फळ पाहावे, मग नाव.