मुन्शी घाटावरील एक छायाचित्र

बदलीचा हुकूम काशीचा निघाला तेव्हा आप्तेष्टांनी आमचे असे अभिनंदन केले, जणू सरकारने आम्हांस हयातीतच मोक्ष मंजूर केला होता. वस्तुतः येथेही फायली आणि लेखाआक्षेप आहेतच. मात्र कचेरी सुटल्यावर मुन्शी घाटावर बसण्याचे सुख आहे. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधविला. शेजारी अहल्याबाईंचा घाट. परमुलखात असूनही आजोळच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटते.

स्नान करून निघालेल्या ओलेत्या स्त्रियांवर येथे परक्या प्रवाशांची भिंगे रोखली जातात. ते पाहून आम्हांस वाचनात आलेल्या काही 'माहितीपटां'ची आठवण होई व संताप येई. १९३० साली अमेरिकेत 'इंगागी' हा पट काँगोतील खऱ्या सफरीचे चित्रण म्हणून झळकला. त्यात गोरिलास अर्पण होणाऱ्या 'आफ्रिकी' स्त्रिया लॉस एंजेलिसमधल्याच होत्या, आणि गोरिला म्हणजे सोंग घेतलेला माणूस! १९३३ साली तेथील व्यापार आयोगाने ही फसवणूक ठरविली. १९३२ चा 'गूना गूना' बाली बेटातला. स्वतःच्या नटीच्या वस्त्राचा वीतवीत हिशेब मागणारी तिकडची नीती परमुलखातील उघड्या स्त्रीदेहापुढे डोळे मिटून घेई; कारण काय, तर चित्र ज्ञानवर्धक! १९६३ साली याकोपेत्ती, कावारा व प्रोस्पेरी या इटालियन त्रयीने 'ला दोन्ना नेल मोंदो' या पटात जगभरच्या स्त्रियांची अशीच जत्रा भरविली. या साऱ्या पटांची रीत एकच : निवेदक बोलतो, बाई बोलत नाही.

असा निवाडा देऊन आम्ही निश्चिंत होतो. गेल्या कार्तिकात खालच्या पायरीवर एक वृद्धा दिसली. फिकट लुगडे, मोकळे कपाळ, खांद्यावरून ढळलेला ओला पदर. प्रकाश सुरेख होता. आम्ही खिशातील फोन काढून तिचे छायाचित्र टिपले आणि कचेरीतील मित्रांना पाठविले. खाली लिहिले, 'मोक्षाची वाट पाहणारी काशीची निराधार विधवा'. वाहवा झाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही घाटावर घरी फोनवर बोलत असता मागून आवाज आला, "अरे, मराठीच का तू? परवा माझा फोटो काढलास ना? पदर तरी सावरू द्यायचा होतास!"

वळून पाहिले. कपाळावर रुपयाएवढे कुंकू होते. परवाचे गंगेच्या पाण्याने धुऊन गेले होते, इतकेच. बाई वर्ध्याच्या. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान सर्दी-पडशाने धर्मशाळेत पडून होते. ना निराधार, ना विधवा. मोक्षाची तर नव्हेच, परतीच्या आरक्षणाची वाट पाहत होत्या.

"आजी, चुकलो," एवढेच आमच्याने बोलवले.

"विचारलं असतंस तर नीट बसले असते," त्या म्हणाल्या.

रात्री आम्ही ते छायाचित्र पुसले व मित्रांना खुलासा कळविला. एकाचे उत्तर आले : 'खरे असेल, पण पहिलाच मजकूर अधिक शोभत होता.' त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता. मजकूर आमचाच होता.