खाजगी रस्ता

रस्ता हा चालणाऱ्याचा, अशी आपल्याकडे जुनी आणि साधी समजूत आहे. खेड्यातली पाणंद कोणाच्या मालकीची, असे कोणी विचारीत नाही. तिच्यावरून गुरे जातात, बैलगाडी जाते, वरात जाते आणि अंत्ययात्राही जाते. परंतु गेल्या काही दशकांत परभणी जिल्ह्यातील लहानमोठ्या गावांच्या कडेने शेते मोडून प्लॉट पडले आणि या समजुतीला तडा गेला. जमीनमालकाने नकाशा काढला, प्लॉट विकले, मध्ये रस्ते दाखविले आणि तो आपल्या वाटेने गेला. रस्ते पालिकेच्या ताब्यात रीतसर देण्याचे मात्र कित्येक ठिकाणी राहूनच गेले. पूर्णा जंक्शनच्या वसाहतीतील रस्ता रेल्वेचा, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारातील रस्ता विद्यापीठाचा, हे सर्वांना ठाऊक असते. आमच्यासारख्या वसाहतीतील रस्ता कोणाचा, हे मात्र ज्याच्या त्याच्या सोयीवर ठरते.

आम्ही जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अशाच वसाहतीत राहतो. चाळीस घरे, तीस फुटी रस्ता, दोन्ही टोके मोकळी. मुख्य रस्त्यावरून शिकवणीच्या वर्गांकडे जाण्यास जवळची वाट म्हणून सकाळ-संध्याकाळ शेकडो दुचाक्या येथून धावतात. दिवा बंद पडला की आम्ही रहिवासी अर्ज लिहितो, ‘रस्ता पालिकेचा आहे, दुरुस्ती करावी.’ वाहतूक शाखेचा शिपाई कोपऱ्यावर उभा राहिला की आम्हीच म्हणतो, ‘हा आमचा खाजगी रस्ता, येथे पावती कसली फाडता?’ एकाच रस्त्याला दोन तोंडे आहेत आणि दोन्ही आमचीच आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात या दुतोंडीपणाची किंमत एका आठ वर्षांच्या मुलीने मोजली. दूध आणावयास निघालेल्या त्या मुलीला वसाहतीतल्याच पंधरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने उडविले. मांडीचे हाड मोडले. मुलाचे वडील आमचे सज्जन शेजारी. दवाखान्याचा खर्च त्यांनी विनातक्रार दिला; पण तक्रार नोंदविण्याची गोष्ट निघताच ते म्हणाले, ‘रस्ता खाजगी आहे. मोटारीचा कायदा येथे लागत नाही.’ मुलीच्या वडिलांनी वर पाहिले, काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दोन घरांतले येणेजाणे थांबले. आम्हांला मात्र त्या एका वाक्याने स्वस्थ बसू दिले नाही, आणि खरोखरच कायदा काय म्हणतो, याचा आम्ही शोध घेतला.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. परवाना हवा, विमा हवा, या त्याच्या अटी ‘सार्वजनिक जागे’साठी आहेत, म्हणजे शेजाऱ्यांच्या म्हणण्यात एक धागा खरा होता. पण सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे सांगताना कायदा सातबारा पाहत नाही. ज्या रस्त्यावर, गल्लीत किंवा जागेत जनतेला जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग ती आरपार जाणारी असो वा नसो. याच शब्दांवरून न्यायालयांत पुष्कळ वाद झाले. जुन्या १९३९ च्या कायद्याखालील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली या शब्दांचा अर्थ उदारपणे लावला: जागा खाजगी असली तरी लोक तिचा वापर करीत असतील, तर अपघातग्रस्ताच्या विम्यापुरती ती सार्वजनिकच. उलट बाजूही आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारातच चालणाऱ्या वाहनांवर कर लावावा काय, या प्रश्नावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भिंतीने बंदिस्त असलेले आणि परवानगीवाचून प्रवेश नसलेले ते आवार सार्वजनिक जागा नव्हे. थोडक्यात, खाजगीपणा तोंडाने सांगून सिद्ध होत नाही. त्याला भिंत लागते, दार लागते आणि दारावर माणूस लागतो. आमच्या वसाहतीला यांपैकी काहीच नाही.

शिवाय सर्वच कायदा रस्त्याच्या मालकीवर अवलंबून नाही. हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेत गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. त्या कलमात रस्त्याचा उल्लेखदेखील नाही. अंगणात झाले तरी ते लागू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखालील गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आमच्या शेजाऱ्यांना रस्ता खाजगी असावासा का वाटला, ते येथे उमगते. बापाच्या भीतीला आम्ही हसणार नाही. परंतु त्या भीतीचा भार मोडलेल्या हाडावर टाकता येत नाही.

कायदा लागू असणे निराळे आणि कायद्याचा हात पोहोचणे निराळे. आपल्याकडे रस्ता बांधणे, दिवे लावणे हे पालिकेचे काम. दंड करणे पोलिसांचे. एकाकडे गेलो तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि रस्त्याचे हस्तांतरच झाले नसेल तर दोघांनाही हात झटकावयास जागा मिळते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात यावर एक सरळ तोड आहे. खाजगी रस्त्याच्या मालकांनी स्थानिक शासनाशी लेखी करार करावा, बंदोबस्ताचा खर्च द्यावा, आणि मग तेथे वाहतुकीचे नियम शासनाने राबवावेत. आपल्याकडची वाट वेगळी आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच अशी तरतूद आहे, की खाजगी रस्ता सपाट व पक्का झाला, गटारे झाली, की आयुक्ताने नोटीस लावून तो सार्वजनिक जाहीर करावा. मात्र बहुतांश भागाच्या मालकांनी महिन्याभरात हरकत घेतली तर तो खाजगीच राहतो. ‘खाजगी रस्ता’ या शब्दांची त्या कायद्यातली व्याख्या मोठी गमतीची आहे: जो सार्वजनिक नाही तो!

अपघातानंतर वसाहतीत उत्साहाची एक लाट आली. तरुणांनी एका रात्रीत मुरूम आणि सिमेंटचे चार उंचवटे घातले. भारतीय रस्ते काँग्रेसने गतिरोधकाचे माप केव्हाच ठरवून दिले आहे: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वर पट्टे आणि अलीकडे सूचनेचा फलक. आमचे उंचवटे होते वीतभर उंच आणि वीतभरच रुंद. महिन्याभरात एक वृद्ध आजी मुलाच्या गाडीवरून मागच्या मागे पडल्या, आणि ज्यांनी घातले त्यांनाच ते पहारीने फोडावे लागले.

शेवटी रस्ता सार्वजनिक जाहीर करावा, असा अर्ज नगरपरिषदेला द्यावयाचे ठरले. सभेत प्रथम सर्वांनी माना डोलाविल्या. मग कोणीतरी हळूच विचारले, ‘मोजणी होणार काय?’ होणारच. रस्ता सार्वजनिक झाला की फीत घेऊन माणसे येणार, आणि तीस फुटांचा रस्ता बावीस फुटांचा कसा झाला, हे विचारणार. कोणाचा ओटा पुढे आला आहे, कोणाचा जिना, कोणाची तुळस, कोणाच्या गाडीसाठीचा उतार. रस्ता खाजगी ठेवण्याची आमची हौस कोठून आली होती, ते त्या क्षणी सर्वांना कळले आणि सभा निःशब्द झाली. मुलांना चालावयास कडेची जागा उरली नव्हती, ती याच ओट्यांखाली गेली होती.

त्या शांततेत ते शेजारी उठले. त्यांचा ओटा सर्वांत मोठा. ‘पहिली सही माझी घ्या,’ एवढेच बोलले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः गवंडी लावून ओटा मागे घेतला. मुलाच्या गाडीची किल्ली आता त्यांच्या कपाटात असते. तो अठरा वर्षांचा होऊन परवाना काढीपर्यंत ती तेथेच राहील.

अर्जावर एकतीस घरांच्या सह्या झाल्या आहेत. मुलगी आता नीट चालते, शाळेत जाते. परंतु दूध आणावयास तिला अजून कोणी एकटी पाठवीत नाही. उरलेल्या नऊ घरांच्या पायऱ्या रस्त्यावरच आहेत. त्यांच्या दारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.