कोचीच्या धक्क्यावर

मुंबईहून निघालेली आमची बोट तिसऱ्या दिवशी सकाळी कोचीला, विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागली. हे बेट मुळात बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाच्या भरावातून उभे राहिले. संध्याकाळी पाचला सर्वांनी बोटीवर परतायचे होते.

माझ्या वहीत यादी तयार होती. मट्टणचेरीचा राजवाडा, १५६८ साली बांधलेले ज्यूंचे प्रार्थनास्थळ, फोर्ट कोचीची चिनी जाळी आणि वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च. शिवाय पोर्तुगीज अमलात गोवा सोडून आलेल्या कोकणी कुटुंबांची मट्टणचेरीतील वस्ती पाहायची होती. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे १६७५ चे कोकणी प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. हे सारे मी सासूबाईंना तिथेच उभे राहून सांगणार होते.

सासूबाई धारवाडच्या, वय एकाहत्तर. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. खोलीतून निघताना त्यांनी दाराचा आधार घेतला आणि त्या खाली बसल्या. "तलि सुत्ताकत्तैति," एवढेच म्हणाल्या. रात्रभर उलट्या झाल्या होत्या. माझी झोप मोडू नये म्हणून उठवले नव्हते!

खरे सांगते, मला आधी राग आला. काळजी नंतर वाटली.

बोटीवरच्या डॉक्टरांनी इस्पितळात न्यायला सांगितले. तिथल्या एका बाईंनी सुचवले, "औषधे, आधारकार्डे आणि सगळे सामान बरोबरच उतरवा." तो सल्ला फार उपयोगी पडला. गाडी वेंदुरुती पुलावरून एर्नाकुलमकडे वळली. मट्टणचेरी पाठीमागे राहिली.

इस्पितळात अव्वांना मराठी सुचेना, हिंदी तर नाहीच. त्या कन्नडमध्येच बोलत होत्या. मी इंग्रजीत सांगू लागले, तोच मल्याळी परिचारिकेने त्यांच्या कपाळाला हात लावून विचारले, "तल?" अव्वांनी मान हलवली. कन्नडमधले 'तले' तिकडे 'तल' होते. मग सलाइन लावताना ती म्हणाली, "कै." अव्वांनी मुकाट्याने हात पुढे केला. हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच! मी मात्र इंग्रजी घेऊन बाजूला उभी होते.

रक्तातील सोडियम बरेच उतरले होते. रक्तदाबाच्या गोळीने ते आधीच कमी झाले असावे आणि त्यात उलट्या, असे डॉक्टर म्हणाले. अशा वेळी वयस्कर माणसाला एकाएकी भ्रमही होऊ शकतो. एक रात्र ठेवून घेणे भाग होते. पाच वाजले तेव्हा मी खाटेजवळ बसले होते. बोट आमच्याशिवाय गेली.

दोन दिवसांनी आम्ही रेल्वेने मडगावला आलो आणि तिथून गाडीने चोर्ल्याच्या घाटातून बेळगावकडे निघालो. वाटेत अव्वा म्हणाल्या, "माझ्यामुळं तुझं काहीच बघून झालं नाही."

"ते राहू द्या, अव्वा. पण रात्रीच का उठवलं नाहीत?"

त्या बराच वेळ बाहेरचे रान पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुंदिन सल हेळतीनि."