समई लावली, पुढे काय?

ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या शिबिरात ‘श्रद्धा आणि मराठी संस्कृती’ हा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली: वेदीजवळ समई ठेवू, आरती ओवाळू. समईशी माझं वैर नाही. उपासना भारतीय रीतीने करता यावी म्हणून भारतातल्या बिशपांनी मांडलेल्या ज्या १२ मुद्द्यांना १९६९ साली रोमने मान्यता दिली, त्यांत पादत्राणं बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, तेलाचे दिवे, आरती हे सगळं आहेच. मला पडतो तो प्रश्न साधा आहे. ही संस्कृती कोणाची?

नगर जिल्ह्यातल्या ज्या धर्मग्रामांत मी शिकवतो, तिथली बहुतेक घरं मूळची महार-मांग समाजातली. देवळात समई तेवत होती तेव्हा यांच्या पणज्यांना त्या देवळाची पायरी बंद होती. तीच समई ‘आपली परंपरा’ म्हणून त्यांच्यापुढे ठेवताना जीभ जरा तरी अडखळावी. धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या व्याख्यानात ‘शूद्र थिऑलॉजी’ मांडली आणि तिथून पुढे दलित थिऑलॉजी उभी राहिली, ती हेच दुखणं ओळखून.

मग ख्रिस्तपुराणाचं काय? ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगणारा फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापला गेला. त्याची शब्दकळा उच्चवर्णीय श्रोत्यांच्या कानाला रुचेल अशीच आहे, हे मान्य. पण त्यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. जुनी पुराणं गेली, त्यांच्या जागी आम्ही काय वाचायचं, असं शिकणाराच विचारतो आणि तिथून ग्रंथ हलतो. पुढेही श्रोते मध्येच प्रश्न विचारतात, पाद्री-गुरू उत्तरं देतो. नगरला १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्यातही श्रोता नुसता ऐकत बसत नाही, टाळ धरतो, धृपद उचलतो. सजावट कोणीही उसनी आणील; शिकवण्याची रीत उचलायला हिंमत लागते.

आमच्या वर्गात आजही जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या येतात. त्यांच्यापुढे मी याच रीतीने येशूचा उधळ्या पुत्राचा दाखला आख्यानासारखा लावतो आणि अध्येमध्ये थांबतो. धाकटा आपला हिस्सा उडवून परत येतो, बाप पोसलेलं वासरू कापून मेजवानी देतो आणि थोरला रागावून बाहेरच थांबतो, ती ही गोष्ट. पश्चात्ताप, क्षमा हे मुद्दे त्या पटकन मागे टाकतात. त्यांचं मन अडतं ते वाटणीत. धाकट्याने हिस्सा नेला, म्हणजे उरलं ते थोरल्याचं. मग पोसलेलं वासरू कोणाचं कापलं? मेजवानी कोणाच्या धान्यावर झाली? त्याला कोणी विचारलं का? आणि या घरातली आई कुठे गेली?

धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीच्या पुस्तकात या प्रश्नांना उत्तर नाही. माझ्याकडेही तयार नसतं. वाटणीवरून भावाभावांत कोर्टकचेरी झालेल्या घरांतून या बाया येतात. थोरल्याचा राग त्यांना पाप वाटत नाही, हिशेब वाटतो. बाप धाकट्याकडे धावत गेला, तसाच थोरल्यासाठीही पंगत सोडून बाहेर आला आणि त्याची मनधरणी करत राहिला, हे मला दाखवलं ते त्यांनीच.