आशियाचा पहिला मुक्काम : सतवास

देवास म्हटलं की आपल्या मराठी घरांत दोन-तीन गोष्टी ठरलेल्या असतात. टेकडीवरची चामुंडा आणि तुळजाभवानी, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि माळव्याच्या हवेत बरे होऊन तिथेच राहिलेले कुमार गंधर्व. वाचणाऱ्या घरांत आणखी एक नाव निघतं : इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे सचिव होते. धारचंही तसंच. किल्ला, भोजशाळा, आणि पावसाळ्यात मांडू. पण देवास जिल्ह्याचा दक्षिणेचा भाग, विंध्याचा घाट उतरून नर्मदेकडे जाणारा, हा आमच्या इंदूरच्या ओळखीतल्या कोणीही पाहिलेला नव्हता. सतवास तिथे आहे.

आम्ही दोघी तिथे गेलो, त्याला कारण नेपाळ-थायलंड-कंबोडिया-व्हिएतनाम. पाठीवर पिशवी टाकून तीन महिने फिरायचं असं आम्ही ठरवलं, नोकऱ्यांमधून रजा काढल्या, तेव्हा घरच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या, कोणी तिखटाची पूड बरोबर ठेवायला. माझ्या आईने मेटकूट, चिवडा आणि गोडा मसाला अशी तीन पाकिटं भरली. मैत्रिणीच्या आजींनी मात्र सल्ला दिला नाही, काम दिलं.

आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. जन्म सतवासचा. तेव्हा तो मुलूख होळकरांच्या इंदूर संस्थानात होता आणि त्यांचे वडील संस्थानच्या जंगल खात्यात कारकून होते. त्या वडिलांनी धाराजीच्या जत्रेहून एक बाण आणला होता. बाण म्हणजे नर्मदेच्या पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेला लांबट गोटा, पंचायतनात महादेव म्हणून पुजतात तो. धाराजीला नर्मदा खडकांवरून धारांनी कोसळायची, खालच्या कुंडांत दगड गरगर फिरत राहायचे, आणि त्यातून असे बाण घडायचे. त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही. नदीतून उचलला की तो देवच.

तो बाण आजींच्या लग्नात त्यांच्याबरोबर इंदूरला आला आणि देवघरात राहिला. आता आजींचं म्हणणं असं, की तो परत सोडून यावा. "माझ्यामागे याला रोज पाणी कोण घालणार? तुझे आईबाबा आठ वाजता घर सोडतात, काका पुण्याला. उपाशी राहण्यापेक्षा आपल्या घरी गेलेला बरा." मैत्रीण म्हणाली, पंधरा मिनिटांवर खान नदी आहे, तिथे सोडू का? आजींनी तिच्याकडे असं बघितलं, की आम्ही सतवासची बस बघायला लागलो.

तर आमच्या आशिया-प्रवासाची पहिली चार दिवसांची पट्टी अशी आखली गेली : इंदूर, सतवास, धाराजी, नेमावर, आणि तिथून हरद्याला रेल्वे. पिशव्या मात्र तीन महिन्यांच्या. माझी अकरा किलो, तिची तेरा. बाण मोज्यात घालून मोजा मेटकुटाच्या डब्यात ठेवला होता. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारी होता. डबलचौकी सुटली, घाट आला आणि पठार संपलं. बसमध्ये कंडक्टरने पिशव्यांकडे बघून विचारलं, "परिक्रमा?" नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न, "फिर कहाँ?" व्हिएतनाम सांगायची हिंमत झाली नाही. सतवास म्हटलं. तो म्हणाला, सतवासला इतकं सामान कशाला लागतं? प्रश्न रास्त होता.

सतवास हे तालुक्याचं गाव आहे. खतं-बियाण्यांची दुकानं, मोटारसायकली दुरुस्त करणारे, गरम कढईतली सेव, गव्हाची हिरवी शेतं थेट घरांना टेकलेली. बघण्यासारखं असं काही नाही, आणि मला वाटतं तेच पहिल्या मुक्कामाला बरं होतं. आजींच्या माहेरच्या ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे आम्ही उतरलो. त्यांच्या पत्नीने बाफले केले आणि त्यावर इतकं तूप ओतलं, की मैत्रिणीने मला हळूच विचारलं, पिशवी उद्या उचलेल का गं? आजींचं घर कुठे होतं ते गुरुजींनी दाखवलं. तिथे आता सिमेंटचं गोदाम आहे. मैत्रिणीने फोटो काढला आणि पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी हाटात गेलो. तिथे एक म्हातारी शिंदीच्या केरसुण्या विकत होती आणि शेजारी बसलेल्या नातीला त्या मोजून देत होती : मिया, बारिया, आफिया, उफुनिया. आम्हाला वाटलं निमाडी असेल. गुरुजी म्हणाले, निमाडी नाही, कोरकू. आपल्याकडे मेळघाटात जे कोरकू आहेत, तेच सातपुड्याच्या आणि विंध्याच्या या जंगलांतही आहेत. रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, त्या गटाची सर्वांत पश्चिमेकडची. आणि मुंडा गट ज्या मोठ्या कुळात बसतो त्याचं नाव ऑस्ट्रोआशियाई. त्याच कुळात कंबोडियाची ख्मेर आहे, व्हिएतनामी आहे. म्हणजे मराठीशी, हिंदीशी, द्रविड भाषांशी नातं नाही. नातं आहे ते आम्ही ज्या गावांची तिकिटं काढली होती त्यांच्याशी.

पुढे दीड महिन्याने नॉम पेन्हच्या बाजारात एका बाईने मला आंबे मोजून दिले : मुय, पी, बेय, बुअन. व्हिएतनाममध्ये तेच मोत, हाय, बा, बोन झालं. एक-दोन-तीन-चार. आफिया आणि बेय आणि बा, उफुनिया आणि बुअन आणि बोन, हे शेजारी ठेवून म्हणून बघा. पाणी म्हणजे कोरकूत 'डा', आणि ख्मेरमध्ये 'तुक'. अभ्यासक म्हणतात, तेही मूळ एकच. हजारो वर्षांपूर्वी कोण कुठून कुठे गेलं याबद्दल विद्वानांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण ज्या दोन मुलींना आपण आशिया बघायला निघालोय असं वाटत होतं, त्यांना तो इंदूरहून शंभरेक किलोमीटरवर केरसुण्या मोजताना भेटला, एवढं खरं. चार केरसुण्या घेता आल्या नाहीत याची हळहळ आहे. पिशवीत जागा नव्हती.

त्या रात्री गुरुजींनी चितू पेंढाऱ्याची गोष्ट सांगितली. नेमावर-सतवास हा त्याचा मुलूख. इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा पाठलाग केला, एकेक सरदार शरण गेला, चितू गेला नाही. १८१९ मध्ये एकटा लपतछपत फिरताना कांटाफोडच्या जंगलात त्याला वाघाने खाल्लं. त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला, मग त्याचे अवशेष. कांटाफोड सतवासहून अगदी जवळ आहे आणि दुसऱ्या दिवशी आमचा रस्ता तिथूनच होता, त्यामुळे गोष्ट आम्हाला जरा जास्तच लागली.

गोष्ट संपल्यावर गुरुजी सहज म्हणाले, "पण धाराजीला तुम्हाला धारा दिसणार नाहीत बरं का." ओंकारेश्वरचं धरण झालं, २००७ पासून पाणी अडलं, आणि धाराजीचा धबधबा त्या फुगवट्याखाली गेला. कुंडं, खडक, बाण घडायची जागा, सगळं. त्याआधी २००५ च्या एप्रिलमध्ये तिथे भूतडी अमावास्येची जत्रा भरलेली असताना, वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री एकदम वाढलं आणि पन्नासहून अधिक माणसं वाहून गेली. गुरुजींनी आकडा सांगितला नाही. "आमच्या शाळेतली दोन घरं होती," एवढंच म्हणाले आणि दिवा बारीक केला.

आमचं प्रवासातलं पहिलं भांडण त्या रात्री झालं, आणि सांगते, पुढच्या तीन महिन्यांत तेवढं मोठं दुसरं झालं नाही. माझं म्हणणं, बाण परत न्यावा. ज्या जागेचा तो आहे ती जागाच उरली नाही, तर सोडायचा कुठे? आणि आता असे बाण मिळत नाहीत. बकावां गावात कारागीर दगड घासून शिवलिंगं करतात ती वेगळी, हा नदीने केलेला. शिवाय आजी गेल्यावर तुला वाटेल की ठेवायला हवा होता.

ती म्हणाली, "वाटेल. मग? रोज पाणी कोण घालेल? तू घालशील?"

मी म्हटलं, कपाटात ठेवायचा, आठवण म्हणून.

"आजीला तो कपाटात नकोय. म्हणून तर दिला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या पिढीतल्या किती जणांकडे आहे, मला माहीत नाही. आमच्या घरीही देवघर आहे, छान सागवानी, दिव्याला बटण आहे. आई बाहेरगावी गेली की देव पारोसेच असतात. दोघी पाठ फिरवून झोपलो, एका गादीवर.

सकाळी कांटाफोड, पुंजापुरा, पिपरी करत, थोडं बसने आणि उरलेलं एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून धाराजीला पोचलो. पळस नुकता पेटत होता. पाणी होतं, खूप होतं, आणि अजिबात हलत नव्हतं. आवाज नाही. आजी सांगायच्या, धारेचा आवाज एक कोस आधी ऐकू यायचा, बैलं कान टवकारायची.

काठावर पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई दात घासत होत्या. परिक्रमावासी, सांगलीकडच्या, वय साठीच्या पुढे. कार्तिकात ओंकारेश्वरहून निघून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जाऊन त्या आता उत्तर तटाने वर चालल्या होत्या. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. झोळीत एक जादा लुगडं, कमंडलू, ताट, पांघरूण आणि औषधाच्या गोळ्या. आमच्या पिशव्या बघून त्यांना हसू आवरेना. "एवढं घिऊन कुटं निघालासा?" या वेळी खरं सांगितलं. व्हिएतनाम त्यांना माहीत होतं, "अमेरिकेला हरवलं त्येच की."

मैत्रिणीने मोजा काढून बाण दाखवला, आणि काय झालं ते सगळं सांगितलं, भांडणासकट. बाईंनी बाण हातात घेतला, कमंडलूतलं पाणी त्यावर घातलं, कपाळाला लावला आणि परत दिला. "धार न्हाई म्हून काय झालं? नदी हाय न्हवं? तिचंच हाय ते, पोरींनो. सोडा."

एका कोळ्याची होडी मिळाली. बाई काठावरच थांबल्या, कारण नदी ओलांडली जाऊ नये म्हणून परिक्रमेत होडीत बसायचं नसतं. कोळ्याने अंदाजाने एका जागी वल्हं थांबवलं, "यहीं नीचे धार थी." मैत्रिणीने आजींना व्हिडिओ कॉल लावला. रेंज इतकी खराब, की आजी चौकोन चौकोन दिसत होत्या. मला वाटत होतं ती काहीतरी गोड सांगेल. ती म्हणाली, "आजी, धबधबा बुडालाय. धरणाचं पाणी आहे. आम्ही त्याच्या वर आहोत. सोडू का?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत, की रेंज गेली होती, कळलं नाही. मग आवाज आला. "धरणाचं मला ठाऊक आहे गं, पेपर वाचते मी. सोड. हळू सोड, फेकू नकोस."

तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि उघडले. हिरव्या पाण्यात वीतभर खाली गेला तोपर्यंत दिसला. त्यानंतर ती फोनवर आजींना बराच वेळ पाणी दाखवत राहिली, दाखवण्यासारखं त्यात काही नसताना. मी खण धुतला आणि पिळून पिशवीला बाहेरून बांधला, वाळायला.

चौथ्या दिवशी नेमावर. सिद्धनाथाचं परमारांच्या काळातलं देऊळ तिथे काठावरच आहे. दगडी कोरीवकाम बघायला निदान अर्धा दिवस हातात ठेवा, आम्ही दोनच तास ठेवले होते. लोक नेमावरला नर्मदेची नाभी मानतात, म्हणजे उगम आणि समुद्र यांच्या बरोबर मधली जागा. समोर हंडिया, मध्ये पूल, आणि पुलापलीकडे हरद्याची बस. बसमधून मैत्रिणीने गोदामाचा तो फोटो आजींना पाठवला. हरदा येईपर्यंत उत्तर आलं : "विहीर उजव्या हाताला होती. आहे का?"

गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, बघून येतो. आम्ही फलाटावर पिशव्यांना टेकून बसलो. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती, त्यामुळे त्यांचा फोन आम्हाला हरद्यातच मिळाला. विहीर आहे. पत्र्याने झाकलेली आहे, पण आहे.