साडेचार इंची भिंत

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ हे पहिल्यांदा म्हणणारा माणूस पुरुष असणार, पन्नाशी उलटलेला असणार आणि त्याच्या कमरेला पैशांचा कसा असणार, असं माझं मत होत चाललं आहे. पुरावा काही नाही. पण म्हण नीट ऐकली की तिच्यात एक दमलेला आणि किंचित फुशारकी मारणारा बाप बसलेला दिसतो. लग्न करून पाहायचं म्हणजे स्वतः बोहल्यावर चढून नव्हे, लेकीचं लावून द्यायचं. जी बोहल्यावर उभी आहे तिला कोणी विचारलेलं नाही की बाई गं, तू काय पाहिलंस. घराचंही तेच. बांधून पाहणारा म्हणजे पाथरवट नाही, गवंडी नाही, सुतारही नाही. मोजून पैसे देणारा. ज्यांच्या हातांनी घर उभं राहिलं त्यांनी आयुष्यात पुष्कळ घरं बांधून पाहिली असतील, आणि त्यात म्हण करण्याजोगं त्यांना काही वाटलं नसावं.

म्हणींचा असा पंचनामा करू नये हे मला कळतं. आई तर म्हणते, म्हण ही म्हणायची असते, सोलायची नसते. पण सध्या घरात फरशी, नळ आणि रंग यांचं काम चालू आहे, लाकूडकामातलं जमेल तेवढं मी स्वतः करते आहे, आणि जो येतो तो उंबऱ्यात चपला काढता काढता ही म्हण म्हणतो. तीही अर्धीच. माझ्याकडे नजर गेली की लग्नाचा भाग गिळून टाकतात. चाळिशीच्या पुढच्या अविवाहित बाईसमोर बोलायचं नाही असं काहीतरी त्यात आहे, असं त्यांना वाटत असावं. गिळलेली गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. घर आणि लग्न या दोन गोष्टी एका श्वासात कशा आल्या? खर्च दोन्हीत हाताबाहेर जातो, हे उत्तर सोपं आहे. तेवढंच असतं तर कोर्टकचेरीही म्हणीत बसली असती.

आमच्या घरापुरतं बघायचं तर हे दोन भाग कपाटात येऊन मिळतात. लोखंडी, राखाडी, आतल्या बाजूला लॉकर आणि एका दाराला आरसा असलेलं ते कपाट आईच्या लग्नात आजोबांनी दिलं. सोबत सागवानी पलंग. गोदरेजने आपलं पहिलं स्टोरवेल कपाट १९२३ साली काढलं, आणि त्यानंतरच्या काही दशकांत मध्यमवर्गीय मराठी लग्नात ते मंगळसूत्राइतकं गृहीत धरलं जाऊ लागलं. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. आमच्याकडे हुंडा घेतला नाही हे अजून अभिमानाने सांगतात. कपाट त्यात मोजत नाहीत. ते आंदण. म्हणजे घर एका बापाने पाहावं बांधून आणि ते भरावं दुसऱ्या बापाने, लग्न करून पाहताना. म्हणीतले दोन अनुभव एकाच माणसाचे आहेत असं आपण धरून चालतो, पण हिशेब केला तर खिसे दोन आहेत. माझ्या खोलीत कुठल्याही बापाचं काही येणार नव्हतं, म्हणून मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेले. इतकं साधं आहे ते. निदान मी लोकांना तसंच सांगते.

तिथं भाषा पटकन शिकावी लागते. प्लायचा तक्ता आठ बाय चार, म्हणजे बत्तीस चौरस फूट, आणि भाव फुटावर. स्वयंपाकघराला आणि न्हाणीजवळ ‘सातशे दहा’ म्हणजे पाण्याला दाद न देणारं, कोरड्या खोलीत ‘तीनशे तीन’ चालतं. हे भारतीय मानकांचे क्रमांक आहेत, पण दुकानात ते माणसांच्या नावांसारखे घेतात. माप इंच-सुतात, आठ सूत म्हणजे इंच. प्लायवर मात्र जाडी मिलिमीटरमध्ये, अठरा. पुस्तकांच्या फळीचं गणित मला सगळ्यात आवडलं. फळीची लांबी दुप्पट केली तर, पुस्तकं त्याच दाटीने लावूनसुद्धा, मधला बाक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. जाडी दुप्पट केली की तोच बाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणून तीन फुटांच्या आत एक उभा आधार द्यायचा, की अठरा मिलिमीटरमध्ये विश्वकोशाचे खंडही निमूट उभे राहतात. हे गणित पुस्तकातून समजलं आणि हाताने पटलं. पटण्यात जी मजा होती तिचं काय करायचं, हा माझा खरा घोळ आहे.

कारण स्वयंपाकघराचं काम ज्यांना दिलं आहे ते मिस्त्री गोरखपूरकडचे आहेत, आणि त्यांना मजा दिसली. माझं शेल्फ त्यांनी गुण्या लावून तपासलं, मान हलवली, आणि विचारलं, ‘मॅडम, छुट्टी लेके करते हो?’ मी हो म्हटलं. ‘फिर सस्ता कैसे पडा?’ बोलण्यात टोमणा नव्हता. दिवसाच्या हजेरीवर जगणाऱ्या माणसाचा तो सरळ हिशेब होता.

त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त सुतार थोरल्या ओळीचा बलुतेदार आहे. नांगर, कुळव, गाडी चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. वाकस आणि पटाशी त्याच्या हातात आली ती जन्माने. शिकू का नको असा प्रश्न नव्हता, सोडू का असाही नव्हता. माझं ड्रिल कार्डावर आलं, आवडलं नाही तर परत करायची मुदत होती. माझ्या जातीत कोणी पिढ्यान्‌पिढ्या हातात करवत धरली नाही, आणि आता मी धरली तर ते कौतुकाचं होतं. नातेवाईक फोटो मागतात. मिस्त्रींचा फोटो कोणी मागत नाही. याची टोचणी खरी आहे की हीसुद्धा एक हौसच, ते मला ठरवता आलेलं नाही.

पण सांगायचं होतं भिंतींचं.

आमच्या जुन्या वाड्यात फर्निचर जवळजवळ नव्हतंच. आई सांगते आणि मलाही पुसट आठवतं. झोपाळा, एखादं टेबल, पाट, चौरंग, ट्रंका. बाकी सगळं भिंतीत. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, त्यात फडताळ, त्याला लाकडी दारं. दिव्याला कोनाडा, देवाला देवळी, कपड्याला खुंटी आणि दांडी, दुधाला शिंकं. अंथरुणं सकाळी गुंडाळली की झोपायची खोली जेवायची होई. पुण्यात १९६१ साली पानशेतचा पूर आला, नदीकाठचे कितीतरी वाडे गेले. १९६३ साली महाराष्ट्रात मालकीच्या फ्लॅटचा कायदा झाला. आणि सिमेंटच्या खांबांनी वजन उचलायला सुरुवात केल्यावर भिंतीला जाड राहायचं कारण उरलं नाही. आतल्या भिंती साडेचार इंची विटेच्या झाल्या. साडेचार इंचांत फडताळ मावत नाही. ते बाहेर आलं, चार पाय काढले आणि फरशीवर येऊन उभं राहिलं. त्याला आपण वॉर्डरोब म्हणतो आणि त्यासाठी चौरस फुटाने पैसे मोजतो, एकदा बिल्डरला जागेचे आणि एकदा सुताराला लाकडाचे. मी टिंबर मार्केटमधून टेम्पोत घालून आणलं ते फर्निचर नसून भिंतीचा हरवलेला दीड फूट होता, असं मला कधीकधी वाटतं. मिस्त्रींना हे सांगितलं. ते म्हणाले, गावाकडे अजून आहे तसंच, मातीत.

मातीवरून सेवाग्राम आठवलं. वर्ध्याजवळच्या या गावात, तेव्हाच्या शेगावात, गांधीजी १९३६ साली राहायला गेले. पहिल्या निवासाचा खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा आणि सामान आसपासचंच असावं अशी त्यांची अट होती, असं आश्रमात सांगितलं जातं. माझ्या वहीतल्या बजेटला इतका थोर पूर्वज आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. पुढे गांधीजी जिच्यात राहिले ती बापू कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली. माती, बांबू, वर कौलं. भिंतीवर त्यांनी मातीनेच ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढला आहे. आत बसायला गादी, पुढे बुटकं मेज. १९७८ साली विचारवंत इव्हान इलिच तिथे आला, त्या झोपडीत बसून राहिला आणि मग बोलला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण हल्ली ज्या वास्तू बांधतो त्या माणसाच्या नव्हे, सामानाच्या सोयीसाठी असतात. माणूस तिथं आपलं फर्निचर सांभाळत राहतो. हे मी वाचलं तेव्हा हॉलमध्ये प्लायचे तक्ते भिंतीला टेकून उभे होते आणि आईची गादी त्यांच्यापुढे जमिनीवर होती. इलिचचं पटलं. तक्ते परत करावेत असं मात्र वाटलं नाही.

आणि सेवाग्रामातही म्हण लागू पडतेच. खर्चाची मर्यादा एकाने घातली, माती दुसऱ्यांनी तुडवली. महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रसिद्ध स्वस्त घराची ही गत, तर माझी काय कथा. शिवाय मातीचं घर एकदा बांधून होत नाही. पावसाळ्याआधी शाकारणी आली, फुटकी कौलं बदलणं आलं, भिंती लिंपणं आलं, आठवड्याचं सारवण आलं. तिथं दुरुस्ती हा घराचा श्वासच असतो. आपण सिमेंटच्या घराला तीस-पस्तीस वर्षं हात लावत नाही आणि मग एकदम सगळं फोडतो, धुळीत दोन-तीन महिने काढतो आणि त्याला नवी म्हण मिळत नाही म्हणून जुनीच वापरतो. जी रोजची, न संपणारी बांधणी होती, शेणामातीची, ती बायकांकडे होती. म्हणीत ती नाही. बांधून पाहिल्यानंतर पुढची चाळीस वर्षं ते घर उभं कोणी ठेवलं, हे कशाला कोण सांगत बसेल?

आईला मी विचारलं की आजीला ओटी सारवायला किती वेळ लागायचा. ‘कोण मोजतंय,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, सकाळ जायची.

माझ्या खर्चाच्या वहीत प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, स्क्रू, फेविकॉल, टेम्पोचं भाडं असे रकाने आहेत. मजुरीचा रकाना आखला आहे, त्यात स्वयंपाकघराची रक्कम आहे आणि शेल्फपुढे काही नाही. मिस्त्रींच्या प्रश्नानंतर तिथं पेन्सिलीने आकडा लिहून पाहिला. पण कुठल्या दराने? माझ्या ऑफिसच्या दिवसाचा पगार धरला तर हे शेल्फ पुण्यातल्या कुठल्याही शोरूमपेक्षा महाग आहे. मिस्त्रींची हजेरी धरली तर परवडतं, पण मग मला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो तो कापायला हवा, कारण त्यांना कोणी तेवढा दिला नसता. आणि काहीच लिहिलं नाही तर शेल्फ अगदी स्वस्त पडतं, आजीच्या ओटीसारखं. आनंद मिळाला ना, मग मजुरी कसली, असं मैत्रीण म्हणते. आजीलाही सारवलेल्या ओटीकडे बघून आनंद होत असेल. ते कारण सांगून तिचा रकाना कोरा ठेवणं मला चालत नाही, मग माझा का चालावा? की मी उगाच आजीच्या रांगेत घुसते आहे? तिला सुट्टी टाकून सारवायचं नव्हतं.

आता पलंग उरला आहे. आईसाठी, खाली ट्रंका मावतील इतका उंच. आजोबांच्या पलंगाचा साग कोरडा, चांगला आहे, वाळवी लागलेली नाही. तो उलगडून त्यातूनच नवा करावा असं माझ्या मनात आहे. मिस्त्री म्हणतात, दोन दिवसांत करून देतो, रंध्याखाली नव्यासारखा निघेल. आईचं म्हणणं आहे की त्यांना द्यावा, त्यांचंही पोट आहे आणि तुझी पाठ आधीच दुखते. मी अजून हो म्हटलेलं नाही. पैसे वाचवायचे म्हणून स्वतः करणार, असं आता तोंडाने निघत नाही, आणि दुसरं कारण मला सांगता येत नाही. शनिवारपर्यंत कळवते म्हटलंय.